शिक्षेपुरतं अपील

अपील क्रमांक एकेचाळीस. फक्त शिक्षेपुरतं.
गुन्हा त्याला कबूल आहे,
ते वाक्य मीच टाइप केलंय, तीन प्रतींत.

आरोपी सुरेंद्र बाबू पावसकर
ऊर्फ फिरुलाल चौधरी, वय एकवीस,
धंदा खलाशी, राहणार मिरकरवाडा,
मूळ राहणार कैलाली, नेपाळ.
ऊर्फच्या अलीकडे कार्ड, पलीकडे माणूस.

पोलीस बोटीवर चढले तेव्हा
तो बर्फाच्या खणात उतरून बांगडा भरत होता.
कार्ड भिजू नये म्हणून पिशवीत,
पिशवी बनियनला आतून शिवलेली, लाल दोऱ्यानं.
पंचनाम्यात एवढंच:
अंगास चिकटलेल्या स्थितीत मिळून आले.

हुसेन तांडेल साक्षीला उभा राहिला.
‘नाव कोण विचारता साहेब?
वाऱ्यात हाक मारली नि वळला, की तो आपला.’
मी लिहिलं:
साक्षीदारास आरोपीचे नाव सांगता आले नाही.

मालकाचा दंड त्याच दुपारी भरला गेला.
कार्ड कुणी बनवलं, तपासात निष्पन्न नाही.

दुभाषा म्हणून गोळपच्या आंबाबागेतला राखणदार आणलेला,
काठी बाहेर ठेवून आला.
‘शिक्षेपुरतं’ मधल्या ‘पुरतं’पाशी तो अडला.
बराच वेळ पंखा फिरत राहिला.
मग त्यानं फिरुलालच्या कानाशी काहीतरी लहानसं सांगितलं,
आणि फिरुलालनं मान हलवली,
जशी तो सगळ्यालाच हलवायचा.

लांजेकर वकीणबाई तळमळीनं बोलल्या,
कार्ड खोटं असेल महोदय, पण हे तळवे बघा,
दोर ओढून ओढून...
साहेब म्हणाले, मुद्द्यावर या.
सरकारी वकिलांनी समुद्राकडे हात केला
(समुद्र त्या बाजूला नाही, तिकडे कॅलेंडर आहे)
आणि म्हणाले, याच वाटेनं उद्या कोणीही येईल.

निकाल सांगताना साहेब हळू बोलतात,
माझी शॉर्टहँड चांगली आहे तरी.
दोषसिद्धी कायम.
वय, पहिला गुन्हा, हेतू केवळ रोजगाराचा,
सबब एक वर्षाची शिक्षा कमी करून आठ महिने.
अपील अंशतः मंजूर.

जामीन कोण राहणार त्याला?
तो आत होता अकरा महिने वीस दिवस.
वजाबाकी मी पेन्सिलनं पॅडच्या कोपऱ्यात केली.
तीन महिने वीस दिवस.
ते कुठल्या रकान्यात घालायचे, विचारलं नाही.
स्टेनोनं विचारायचं नसतं.
खोडरबर होता, खोडून टाकलं.

मुद्देमाल, बनावट कार्ड एक,
अपील मुदतीनंतर नाश करावा.
त्यावरचा फोटो मात्र त्याचाच. कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेला.

तुरुंगाच्या दाराशी दोन्ही नावं पुकारली म्हणे.
तो दोन्हींना ओ म्हणाला.

मीही आधी सुलभा भिकाजी नार्वेकर होते.
ऐंशीच्या स्पीडचं सर्टिफिकेट त्या नावावर आहे.
मग एका ताटात तांदूळ पसरले,
यांनी अंगठीनं त्यात ‘रेवती’ काढलं,
‘ती’ची वेलांटी जरा वाकडी,
आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
पुढं फी भरून राजपत्रात छापून घेतलं,
माझाही ऊर्फ झाला.
कुठलं कलम लागलं नाही. पेढे वाटले.

आज घरी आले साडेसातला.
मिरकरवाड्यात होड्या रंगवायला काढल्यात,
बंदी उठायला आठ दिवस आहेत,
माणसं कमी पडतायत म्हणे, कार्डवाली.

डब्यातून दोन वाट्या तांदूळ ताटात घेतले,
खडे बघायला.
बोट आपोआप फिरलं.
सुलभा. नीट आलं, वेलांट्याच नाहीत त्यात.
आतून यांनी विचारलं, झालं का?

तीन पाण्यांनी धुतले
आणि कुकर लावला.